जाजम, झटका आणि जमाखर्च

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागायला आपले चिटणीस आले, तेव्हा म्हणाले, "काका, तुम्ही पहिल्यापासूनचे सभासद. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी म्हटले, अहो, तो इतिहास वार्षिक अहवालांत आहे. टाकी कधी गळली, रंग कधी काढला, कन्व्हेयन्ससाठी किती हेलपाटे घातले, सगळे तिथे तारीखवार सापडेल. मी दुसराच इतिहास लिहितो. तो कुठल्याच अहवालात आलेला नाही, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. पंच्याहत्तरी जवळ आली, आता ती लिहून टाकलेली बरी.

जुन्या सभासदांना आठवत असेल, 2011 च्या दिवाळीत आपण ब इमारतीच्या खालच्या लॉबीत निळे जाजम टाकले. सिंथेटिक होते, दिसायला झकास आणि धुवायला सोपे. त्याच सुमारास लिफ्टला स्टीलची नवी मूठ बसवली. मार्गशीर्ष लागला, पुण्याची कोरडी थंडी पडली, आणि लिफ्टची मूठ धरली की "चट्ट!" असा झटका बसायला लागला. आधी एकाला, मग दोघांना, मग सगळ्यांनाच. लहान मुलांना गंमत वाटायची. मुद्दाम पाय घासत यायची आणि एकमेकांच्या कानाला बोट लावून पळायची. मोठ्यांची मात्र झोप उडाली.

आपला कट्टा म्हणजे विद्वानांची सभा. आठवडाभरात किमान सहा कारणे निघाली. एक म्हणाले, शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आलाय, त्याच्या लहरी लिफ्टमध्ये साठतात. दुसरे म्हणाले, लिफ्ट ईशान्येला आहे, तिथे जड वस्तू नको असे मी बिल्डरला तेव्हाच सांगितले होते. कोणी शरीरातल्या उष्णतेवर घसरले, तर कोणी ऋण आयन कमी झाल्याचे सांगून सकाळी गवतावर अनवाणी चालायला लागले. एका रविवारी तर क्लबहाउसमध्ये एक सुटाबुटातला गृहस्थ येऊन चुंबकाची गादी आणि तांब्याचे कडे यांचे प्रात्यक्षिक देऊन गेला. "शरीरातली जादा वीज हे कडे ओढून घेते," असे त्याने सांगितले. खोटे कशाला बोलू, बँकेत सदतीस वर्षे दुसऱ्यांची कर्जप्रकरणे तपासलेल्या मी अकराशे रुपये देऊन ते कडे घेतले.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पण सहावे कारण तसे नव्हते. ब इमारतीत त्याच महिन्यात एक सून लग्न होऊन आली होती. नव्या नवरीच्या नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या, पायात रबरी सपाता. जाजमावरून ती चालत येई आणि वाकून कोणाच्या पाया पडली की "चट्ट!" दोन-तीनदा असे झाल्यावर बायकांत कुजबूज सुरू झाली, "हिच्या अंगातच काहीतरी आहे." मग कोणीतरी पायगुणाचा शब्द काढला. ती पोरगी इतकी धास्तावली, की कोणाला हात लावायची नाही, हळदीकुंकवाला यायची नाही. नावे घेत नाही. ती आज दोन मुलांची आई आहे आणि हा लेख तिने आधी वाचून परवानगी दिली आहे.

हे सगळे डोक्यात असताना मी वाचनालयातून विजेच्या इतिहासावरची पुस्तके आणून वाचली. तेव्हा कळले, की आपला कट्टा काही जगावेगळा नाही. अडीच हजार वर्षे माणसे या एका "चट्ट"ची कारणे शोधत आहेत, आणि भले भले विद्वान घसरलेले आहेत.

तृणमण्यापासून सुरुवात

अंबर नावाचा पिवळसर, पारदर्शक पदार्थ असतो. पुरातन झाडांची राळ गोठून दगडासारखी झालेली. तो लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. म्हणूनच आपल्याकडे त्याला तृणमणी हे सुंदर नाव आहे. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत, आणि इलेक्ट्रिसिटी हा शब्द तिथूनच आला. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला थेलीस हा ग्रीक विचारवंत, चुंबक लोखंडाला हलवतो म्हणजे त्यात जीव आहे असे मानत असे, आणि तृणमण्यालाही त्याने तोच न्याय लावला असे जुने ग्रंथकार सांगतात. आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख आहे आणि तिथे कारण दिले आहे 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारे. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटते. बँकेत हिशेब जुळला नाही, की रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. कारण कळलेले नाही, पण दडवलेलेही नाही. कट्ट्यावरच्या सहा कारणांपेक्षा हे सस्पेन्स खाते कितीतरी बरे!

इंग्लंडमध्ये 1600 साली विल्यम गिल्बर्ट या डॉक्टरने चुंबकावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी युरोपभर अशी पक्की समजूत होती, की चुंबकाला लसूण चोळली तर त्याची शक्ती जाते. शेकडो वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ही गोष्ट उतरवली जात होती. गिल्बर्टने ती ठामपणे खोटी ठरवली. त्याने एक हलकी सुई टेकूवर फिरती ठेवली आणि काच, गंधक, लाख, रत्ने असे एकेक घासून तिच्याजवळ नेले. तृणमण्याचा गुण या सगळ्यांत निघाला. लाखेचे आम्हा बँकवाल्यांना नवल नाही. रोकडीच्या पिशव्यांना सील करायची लाखेची कांडी बाहीवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आम्ही शाखेत रिकाम्या वेळी खेळलो आहोत. गिल्बर्टने हेही नोंदवले, की हवा दमट असली तर हा गुण मंदावतो. म्हणजे झटके पावसाळ्यात का बसत नाहीत याची किल्ली चारशे वर्षांपूर्वीच हातात होती. एवढे करूनही कारण सांगताना मात्र तो म्हणाला, की घासलेल्या वस्तूतून एक सूक्ष्म ओलसर स्राव बाहेर पडतो आणि तो काडीला धरून आणतो. हा स्राव त्याने कधी पाहिला नव्हता.

जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके याने गंधकाचा एक गोळा ओतून तो आसावर फिरता केला आणि हाताने घासला. 1672 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. गोळ्याला चिकटलेले पीस थोड्या वेळाने दूर ढकलले जाई आणि गोळ्यापुढे हवेत तरंगत राही. गेरिकेला वाटले, की आपली पृथ्वी वस्तूंना ओढते, काहींना दूर लोटते, ते सारे गुण या गोळ्यात उतरले आहेत. प्रयोग चोख, पण अर्थ थेट ब्रह्मांडाला जाऊन भिडला.

एका पेन्शनराची गोष्ट

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो स्टीफन ग्रे. कँटरबरीचा रंगारी, कापड रंगवण्याचा धंदा. म्हातारपणी लंडनच्या चार्टरहाउस या धर्मदाय संस्थेत पेन्शनर म्हणून राहत होता. साठी उलटल्यावर, 1729 साली, त्याने शोध लावला की वीज दोऱ्यावरून, ओल्या वस्तूंवरून, धातूवरून एका जागेहून दुसरीकडे जाते आणि रेशमावरून जात नाही. पुढच्या वर्षी त्याने एका मुलाला वीज न वाहणाऱ्या दोरांनी आडवे टांगले आणि घासलेली काचेची नळी त्याच्या पायाजवळ नेली. मुलाच्या तोंडाकडे पितळेच्या वर्खाचे कपटे उडत आले. मुलगा ठणठणीत, कुठे काही दुखले नाही. माणसाचे शरीर वीज तयार करत नाही, ती फक्त अंगावरून इकडून तिकडे जाते, हे यातून दिसले. आमच्या ब इमारतीतल्या सुनेचा निर्दोषपणा 1730 सालीच सिद्ध झाला होता म्हणा ना!

पण हाच ग्रे आयुष्याच्या शेवटी फसला. लोखंडी गोळा राळेच्या वडीवर ठेवून तो भारित करायचा आणि त्याच्यावर बारीक दोऱ्याला लावलेली हलकी वस्तू हातात धरायची. ती वस्तू गोल फिरते, आणि तीही पश्चिमेकडून पूर्वेकडे, ग्रहांसारखी, असे त्याला दिसले. ग्रहांच्या भ्रमणाचे रहस्य सापडले या आनंदात त्याने मरणाच्या आदल्या दिवशी, 1736 साली, रॉयल सोसायटीच्या चिटणीसांना हे सांगून लिहून घ्यायला लावले. पुढे त्याच्याच मित्राने, ग्रॅनव्हिल व्हीलरने, प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्याचा निष्कर्ष असा, की दोरा धरणाऱ्याच्या मनात जे व्हावेसे वाटते, त्याप्रमाणे हात नकळत हलतो. ग्रे लबाड नव्हता. त्याने फक्त आपल्या हातावर तपासनीस नेमला नाही. आपलीच शाखा आपणच तपासू नये असा बँकेत नियम असतो तो याचसाठी.

सहावा माणूस

1745-46 च्या सुमारास वीज साठवणारी बाटली निघाली. हॉलंडमधल्या लायडन गावच्या मुशेनब्रुक या प्राध्यापकाचा तिच्याशी संबंध, म्हणून तिला लायडनची बाटली म्हणतात. तिचा झटका बसल्यावर, फ्रान्सचे राज्य दिले तरी मी पुन्हा हा प्रयोग करणार नाही, अशा अर्थाचे त्याने पत्रात लिहिले. फ्रान्समध्ये मात्र त्याची जत्राच झाली. नोले नावाच्या पाद्र्याने राजा पंधराव्या लुईसमोर 180 शिपाई हातात हात धरून उभे केले आणि बाटलीचा झटका दिला. सगळे एकदम उडाले. मग त्याने मठातल्या साधूंची तशीच लांबलचक रांग लावली. राजेसाहेब खूष.

आणि आता ऐका खरी गंमत. पुढे काही वर्षांनी सिगो द ला फोंद या प्राध्यापकाने पॅरिसमध्ये साठ माणसांची साखळी केली. झटका दिला, तर पहिली माणसे उडाली, पण सहाव्यापाशी वीज थांबली. पुढच्या कोणाला काही जाणवेना. पुन्हा केले, तेच. लोकांचे डोळे त्या सहाव्या माणसाकडे वळले. कुजबूज सुरू झाली, की या गड्याच्या पुरुषत्वात काहीतरी कमी असणार, म्हणून वीज त्याच्यातून पुढे जात नाही! गावभर बोभाटा झाला. विचार करा, त्या बिचाऱ्या तरुणाचे काय झाले असेल. त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसेल.

प्रकरण इतके वाढले, की खात्री करायची ठरली. त्या काळी युरोपात काही गायकांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज कोवळा ठेवत. राजाच्या पदरचे असे तीन गायक साखळीत उभे केले. झटका दिला, तर तिघेही इतरांसारखेच टुणकन उडाले. पुरुषत्वाचा सिद्धांत तिथेच गळून पडला. मग खरे कारण काय? सहावा माणूस उभा होता तिथली जमीन ओलसर होती. वीज त्याच्या पायातून जमिनीत जात होती. दोष माणसात नव्हता, त्याच्या पायाखाली होता.

हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुस्तक मिटले आणि ब इमारतीतली ती सून माझ्या डोळ्यांपुढे आली. अडीचशे वर्षांत आपण किती पुढे आलो? तिकडे पुरुषत्व, इकडे पायगुण. कारण कळत नाही म्हटले, की आपण समोरच्या माणसाकडे बोट दाखवतो.

माझ्या कड्याचे पूर्वज

माझ्या तांब्याच्या कड्याचे मूळही तिथेच सापडले. व्हेनिसमधल्या पिवाती नावाच्या वकिलाने 1747 च्या सुमारास जाहीर केले, की काचेच्या बंद नळीत औषधी राळ भरून नळी घासली तर औषधाचा गुण काचेतून बाहेर पडून रोग्याच्या अंगात शिरतो आणि संधिवातासारखे आजार बरे होतात. वर सांगितलेला नोले 1749 मध्ये मुद्दाम इटलीला गेला. प्रत्यक्ष पाहू लागल्यावर औषध काही काचेतून बाहेर येईना आणि बरे झालेले रोगीही सापडेनात.

अमेरिकेत एलिशा पर्किन्स या डॉक्टरने 1796 मध्ये दोन धातूच्या कांड्यांचे पेटंट घेतले. प्रत्येक कांडी जेमतेम तीन इंच. नाव ठेवले 'ट्रॅक्टर', म्हणजे ओढणारे. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की साठलेले वाईट विद्युत-द्रव्य ओढले जाते, असा दावा. कडेवाल्याचे वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून पाहा! पर्किन्सचा मुलगा लंडनमध्ये ही जोडी पाच गिन्यांना विकत असे. 1799 साली बाथ गावी डॉ. हेगार्थ यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून, रंगवून, पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांनी लगेच आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या फिरवल्या, तर निकाल तोच. म्हणजे गुण धातूत नव्हता, मनात होता. पर्किन्स स्वतः त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्याच ज्वराने गेला. त्याचाही आपल्या उपायांवर मनापासून विश्वास होता. असा प्रामाणिक चुकणारा माणूस जास्त धोक्याचा, कारण त्याच्या डोळ्यांत लबाडी दिसत नाही.

अखेर खतावणी जुळली

खरे उत्तर सापडले ते जमाखर्चाच्या भाषेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1747 मध्ये सांगितले, की घासल्याने वीज निर्माण होत नाही, ती एका वस्तूतून दुसरीत जाते. एकीकडे जेवढी वाढते तेवढीच दुसरीकडे घटते. त्याने शब्दच अधिक आणि उणे असे वापरले. आम्हा बँकवाल्यांना हे कसे पटकन समजते! जमेला नावे असतेच. जो सिद्धांत एकेरी नोंदीचा, म्हणजे "हिच्या अंगात वीज आहे" किंवा "शरीरात वीज जादा झाली" असे म्हणून थांबतो, त्याला विचारावे, दुसरी नोंद कुठे आहे?

आपल्या लॉबीतली दुसरी नोंद जाजमात होती. रबरी तळवा आणि सिंथेटिक जाजम एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, तेव्हा थोडा भार इकडचा तिकडे जातो. दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा अगदी पातळ थर असतो, त्यावरून तो निसटून जातो. थंडीत हवा कोरडी, त्यामुळे तो अंगावर साठतो आणि लोखंडी मूठ दिसली की बोटातून उडी मारतो. हा दाब काही हजार व्होल्ट असतो. साधारण तीन हजारांच्या खाली तर आपल्याला तो जाणवतही नाही. मग माणूस मरत का नाही? कारण व्याजाचा दर छप्परफाड, पण मुद्दल चार आणे! साठलेला भारच इतका थोडा, की क्षणाच्या बारीकशा तुकड्यात सगळा संपतो. घासण्यात नेमके काय इकडून तिकडे जाते याच्या बारकाव्यांवर शास्त्रज्ञ आजही काम करत आहेत. त्यांचेही एक सस्पेन्स खाते अजून उघडे आहे, आणि ते तसे कबूल करतात.

मी कमिटीत सांगितले, जाजम उचला. उचलले. त्या जागी काथ्याची पायपुसणी टाकली, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसायला सांगितले. आठ दिवसांत झटके थांबले. टॉवर होता तिथेच होता, लिफ्ट ईशान्येलाच होती, आणि सूनबाईही त्याच साड्या नेसत होत्या. तिच्या सासूबाईंनी स्वतः तिला हाताला धरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणले. मी कडे काढून कपाटात ठेवले. आजही आहे, कोणाला पाहायचे असेल तर या.

आता माझी चूक

इथेच थांबलो असतो तर माझी मोठी फुशारकी झाली असती. पण पुढच्या पावसाळ्यात मीही घसरलो.

मी तेव्हा खजिनदार होतो. जिना झाडायला येणाऱ्या मावशी एकदा मला म्हणाल्या, "काका, पंपाजवळच्या नळाला हात लावला की मुंग्या येत्यात." मी नुकताच विजेचा पंडित झालेलो. म्हटले, "मावशी, ती स्थिर वीज असते. घाबरायचं नाही, काही होत नाही." त्यांनी चार दिवसांनी पुन्हा सांगितले. मी पुन्हा तेच उत्तर दिले, वर जाजमाची गोष्ट सांगितली. त्या मान डोलावून गेल्या. शिकलेल्या माणसाने पुस्तकातले सांगितल्यावर त्या आणखी काय बोलणार?

आषाढातली सकाळ होती. पंपरूमच्या दाराशी पाणी साचले होते. मावशींनी बादली भरायला नळ धरला आणि हात सुटेना. सुदैवाने वॉचमन समोर होता. त्याने त्यांना न ओढता आधी मेन स्विच पाडला. त्या खाली कोसळल्या, तळहात भाजला होता. पंधरा दिवस कामावर येऊ शकल्या नाहीत. इलेक्ट्रिशियनने पाहिले, तर मोटरचे वाइंडिंग खराब होऊन वीज बॉडीत उतरली होती आणि अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती. म्हणजे नळात साक्षात 230 व्होल्टची वीज होती, न संपणारी.

पावसाळ्यात, ओल्या जागी, प्रत्येक वेळी मुंग्या येतात, यातली एकही गोष्ट स्थिर विजेशी जुळत नव्हती. गिल्बर्टची दमट हवेची ओळ मी स्वतः वाचली होती. सहाव्या माणसाच्या पायाखालची ओल मीच कट्ट्यावर रंगवून सांगितली होती. तरी एकदा हाताला लागलेले उत्तर मी न तपासता दुसऱ्या प्रश्नावर चिकटवले. टॉवरवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांच्या चुकीने कोणाचा हात भाजला नाही, माझ्या चुकीने भाजला.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, तोही डाव्या हाताने. एवढेच म्हणाल्या, "मी सांगितलं व्हतं ना, काका." त्या वाक्याचा झटका अजून उतरलेला नाही. औषधपाणी आणि पंधरा दिवसांचा पगार सोसायटीने दिला, पण माझ्या नावावरची ती नोंद तशीच आहे.

त्यानंतर आपण पंपाला आणि तिन्ही इमारतींच्या जिन्यांना गळती होताच वीज तोडणारे ब्रेकर बसवले, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी अर्थिंग तपासायचा ठराव केला. तो ठराव का झाला ते नव्या कमिटीला माहीत नसेल, म्हणून हा लेख. खर्च वाचवायला म्हणून तो कधी रद्द करू नका.

मुलाबाळांना सांगण्यासाठी खूण सोपी आहे. एकदाच "चट्ट" झाले, लगेच पुन्हा हात लावला तर काही नाही, आणि दिवस कोरड्या थंडीचे, तर ती स्थिर वीज. हसून सोडून द्या. हवे तर आधी हातातली किल्ली मुठीला टेकवा. पण पुन्हा पुन्हा झटका लागला, मुंग्या आल्या, जागा ओली असली, तर कोणाचेही व्याख्यान ऐकत बसू नका, माझे तर मुळीच नाही. त्या वस्तूला हात लावू नका, मेन स्विच बंद करा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पंचवीस वर्षांत आपण खूप कारणे ऐकली, पुढच्या पंचवीस वर्षांतही ऐकू. कट्टा आहे तोवर कारणे निघणारच, आणि निघावीतही, नाहीतर संध्याकाळ जायची कशी? फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवू या. कारण कळले नाही तर बिनदिक्कत सस्पेन्स खात्यात टाकावे, कोणा माणसाच्या नावे टाकू नये. आणि कोणी "मुंग्या येतात" म्हणाले, तर आधी उठून जाऊन पाहावे.

मावशी आता थकल्या आहेत, त्यांची सून कामाला येते. रौप्यमहोत्सवाच्या जेवणाला दोघींनाही बोलावले आहे. त्यांच्या शेजारी बसायचे मी आधीच ठरवून टाकले आहे.